धूळ पाहुणी, बुरशी किरायदार

चाचा कुणाच्याही घरी गेले की आधी फुंकर मारायचे. पाणी नंतर, चहा नंतर, खुशाली त्याच्याही नंतर. चपला काढता काढताच त्यांची नजर भिंतीवरून, कपाटाच्या माथ्यावरून, टीव्हीवरच्या रुमालावरून फिरायची, आणि कुठं काही पांढरं, राखाडी, हिरवट दिसलं की सरळ तिथं जाऊन उभे राहायचे, गाल फुगवायचे आणि फूऽऽ! मग मान वाकडी करून बघत राहायचे. उडालं, तर चेहरा पडायचा. "धूळ हाय," म्हणायचे, जणू ज्याला भेटायला आलो तो माणूसच घरी नाही. नाही उडालं, तर मात्र डोळे असे चमकायचे, की त्या घरातल्या बाईनं घाबरावं.

दिग्रसला आमच्या गल्लीत मोठी माणसं त्यांना गादीवाले चाचा म्हणत आणि पोरं फुंकरचाचा म्हणत. जन्मभर त्यांनी गाद्या भरल्या. कापूस पिंजला, खोळी शिवल्या, आणि लोकांच्या जुन्या गाद्या उसवून त्यात कुणाच्या घरचं काय काय साठलंय ते बघितलं. घरामागच्या दोन खोल्या ते किरायानं द्यायचे. त्यांत आम्ही राहत होतो. मी, माझा नवरा आणि आमची तनू.

मी रत्नागिरीच्या बाजूची. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा मशीनचा फिटर. एका ठेकेदाराच्या शब्दावर तो इकडे कापसाच्या जिनिंगच्या कामाला आला आणि मागोमाग दीड वर्षाच्या तनूला घेऊन मी. येताना गाडीच्या खिडकीतून बघत होते. झाडं कमी कमी होत गेली, माती काळी होत गेली, आणि मी तनूला जास्त जास्त घट्ट धरत गेले. तशी मी आधीपासूनच भित्री. दाराला कडी घातली तरी उठून पुन्हा बघणारी.

दिवाळी होऊन गेली होती. खोलीचं कुलूप काढलं आणि माझ्या हातातली पिशवी गळाली. भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, विजेच्या वायरीवर, सगळीकडे पांढरी लव. आमच्याकडे पावसात चपलेवर येते, ट्रंकेवर येते, देवाच्या फोटोमागं येते, तशीच. मी नवऱ्याला ओरडले, "पोरीला खाली ठेवू नका हो! सगळ्या घराला बुरशी आहे!"

पुढच्या घरातून कुणीतरी धावत आलं. लुंगी, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, अंगभर कापूस.

"बुरशी? कुठं हाय बुरशी?" असं त्यांनी इतक्या आनंदानं विचारलं, की मला वाटलं हे गृहस्थ ठार वेडे असणार.

मी भिंत दाखवली. त्यांनी गाल फुगवले. फूऽऽ! आणि ती सगळी लव भिंतीवरून उठली, खोलीभर तरंगली आणि हळूच माझ्या डोक्यावर येऊन बसली.

"रुई हाय व पोरी," चाचा हिरमुसून म्हणाले. "जिनिंगची. इथं कापसाचे दिवस लागले का हवेतबी कापूसच राह्यते. कायले भिऊन राह्यली?" मग एकदम आशेनं विचारलं, "तुह्या गावी लागते का व बुरशी? खरी?"

"चार महिने," मी म्हटलं.

"चार महिने!" त्यांनी आत हाक मारली, "अवो, आयकलं का? कोकनवाली आली! हिच्या गावी चार चार महिने बुरशी राह्यते!"

आतून चाचीचा आवाज आला, "तो उसको पहले पानी पिलाओ! लड़की सफर करके आई है, और तुम बुरशी पूछ रहे!"

असं आमचं त्या घरात येणं झालं. माझ्या डोक्यावर रुई, चाचांच्या डोळ्यांत नवल, आणि चाचीच्या हातात पाण्याचा तांब्या.

पुढं मला कळलं, की चाचांच्या लेखी जगात दोनच जाती. एक धूळ, दुसरी बुरशी. आणि या दोघींत फरक न करणारा माणूस म्हणजे घरात आलेल्या माणसाचं नाव न विचारणारा. मी खोली झाडायला लागले की ते उंबऱ्यात येऊन बसायचे आणि शिकवणी सुरू व्हायची.

"हे पाह्य, धूळ आळशी राह्यते. वरून पडली का तिथंच बसली. फळीच्या वरतून बोट फिरव, सापडंल. आता फळीच्या खालतून फिरव. नाई ना? बुरशी राह्यली असती त उलटी लटकली असती. तिले वर-खाल काई नाई."

किंवा, "पुसल्यावर चार दिस थांबाचं. धूळ वापस आली त पुऱ्या घरावर सारखी येते, ती भेदभाव करत नाई. बुरशी आपली जागा धरते. जिथं व्हती तिथंच, गोल गोल."

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं, जे ते पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, दूधवाल्याला, कुणालाही ऐकवायचे: "धूळ म्हंजे पावनी. झटकली का निंगाली. बुरशी म्हंजे किरायदार. एकदा बसली का हालाचं नाव नाई!"

पहिल्यांदा हे माझ्यासमोर म्हणाले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की समोर हातात झाडू घेऊन किरायदारच उभी आहे. चाचा गडबडले. "तू नाई व पोरी... तू त आपली... तू म्हंजे..." शेवटी म्हणाले, "तू झाड. झाड तू."

चाची आतून हसत होती. तिचं हसणं भांड्यांच्या आवाजात लपायचं नाही.

गिऱ्हाइकांशी त्यांचं वागणं असं, की धंदा चालला कसा याचं मला आजही कोडं आहे. एकदा बाभुळगावची एक बाई सासऱ्याची गादी पिंजायला घेऊन आली. चाचांनी खोळ थोडी उसवली, नाक आत घातलं आणि डोळे मिटून बसले.

"बाई, ही गादी नाई, वावर हाय. याच्यात पिंजाई नसते करत. पेरनी करतात."

बाई चिडली. "तुमी पिंजता का नाई ते सांगा."

"ही गादी तुमी भितीले टेकून ठेवता. अन् त्या भितीच्या मांगं न्हानी हाय."

बाईचा पदर तोंडाला गेला. "अगं माय! तुमी आमच्या घरी कवा आलते?"

"मी कायले येऊ? तुमचं घरच आलं ना माह्याकडं, गादीत भरून," चाचा म्हणाले, आणि त्यांनी ती गादी काही घेतली नाही. वर त्या बाईला चहा पाजला, आणि नवीन गादी भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

सगळ्याच वेळा त्यांचं बरोबर यायचं असं नाही हं. बाजूला तहसील कचेरीतून रिटायर झालेले एक काका राहायचे. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कॅरम रंगायचा. एकदा काका राणी घालायच्या बेतात. नेम धरलेला, जीभ बाहेर आलेली. तेवढ्यात चाचा आले, त्यांना बोर्डावर पांढरं काहीतरी दिसलं, आणि फूऽऽ! बोर्डावरची सगळी पावडर काकांच्या चष्म्यावर.

"धूळ हाय," चाचा खिन्नपणे म्हणाले.

काका चष्मा न काढता म्हणाले, "चाचा, तुमच्या फुंकरीवर कलम लावता आलं असतं ना, तर मी रिटायर झालो नसतो."

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात चाचांनी आम्हाला कूलर दिला. कूलर हा प्रकारच मला नवा. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो, इथं अंगातलं पाणीच आटतं. चाचांकडे एक जुना पत्र्याचा कूलर पडून होता. तो त्यांनी रंगवला, पंप बसवला आणि बाजूच्या ताट्या स्वतः भरल्या. कूलरच्या बाजूंना ज्या गवतासारख्या जाड जाळ्या असतात, ज्यांच्यावरून पाणी झिरपतं, त्या ताट्या. बाजारात लाकडाच्या भुशाच्या मिळतात. पण चाचांना बाजारातलं कुठं पटायला?

"भुशातून धूळ येते. माह्या तनूच्या नाकात धूळ नाई गेली पायजे," म्हणाले. त्यांनी ताटीत काथ्या भरला. "हा तुह्या देसाचा नारळ." आणि आतल्या बाजूनं पिंजलेल्या रुईचा एक पातळ थर लावला, बाहेरची धूळ गाळायला. अगदी गादी भरतात तसा, टाके घालून. "असा कूलर पुऱ्या यवतमाळ जिल्ह्यात नाई!"

खरंच नसणार.

कूलर सुरू झाला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आठवड्याभरानं तर दुपारची मी तिथून उठायचीच नाही. तनूला मांडीवर घ्यायची, खिडकीवर ओला पडदा सोडायचा आणि त्या गार वाऱ्यात डोळे मिटून बसायचं. वाटायचं, आपण इथं नाहीच. आईच्या घरी माळ्यावर आहोत, बाहेर पाऊस लागलाय आणि खाली आई चुलीवर काहीतरी ढवळतेय. इतक्या लांब येऊन पहिल्यांदाच मन थाऱ्यावर आलं होतं. मी चाचांना मनातून रोज दुवा द्यायची. दुवा हा शब्दही मी चाचीकडूनच घेतला.

आणि त्याच उन्हाळ्यात तनूला खोकला लागला.

आधी वाटलं साधाच. मग दुपारी दुपारी वाढायला लागला, आणि रात्री श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायला लागली. लहान छाती वरखाली व्हायची आणि मी तिच्यावर हात ठेवून बसून राहायची. गावातल्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी छाती तपासली, औषध लिहिलं, आणि म्हणाल्या, "औषधाने आराम पडेल. पण घरात फार धूळ आहे का, की कुठे बुरशी आहे, ते शोधा. कारण गेल्याशिवाय खोकला परत परत येत राहील."

एसटीनं परत येताना नवरा म्हणाला, "तू तिला घेऊन माहेरी जा. इथली हवाच तिला मानवत नाही."

कुणाला वाटेल, माहेरी जायला बाईला काय झालं? पण माझी आई भावाच्या संसारात राहते. तिच्याच ताटात कुणी किती वाढलं ते मला माहीत. आजारी पोर घेऊन तिथं गेलेली बहीण किती दिवस पाहुणी राहते, तेही माहीत. आणि इथं, या रुईच्या गावात, मला पहिल्यांदा माझं म्हणून काहीतरी मिळालं होतं. चाची मला खोळी शिवायला द्यायची. जूनमध्ये तनू बालवाडीत जाणार होती. एकदा गेले की हे सगळं सुटणार. शाळा अशीच सुटली होती माझी. थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी बसले होते.

चाचांना मी डॉक्टरीण बाईंचं बोलणं सांगितलं. त्यांच्या तोंडावर एकाच वेळी दोन माणसं दिसली. एक घरमालक, ज्याला कुणीतरी शिवी दिलीय. आणि एक फुंकरचाचा, ज्याला जन्मभराचं काम मिळालंय.

"माह्या घरात बुरशी?" ते गल्लीत जाऊन उभे राहिले. "आयका व सगळे! माह्या घरात बुरशी निंगाली, त पुऱ्या गल्लीले जिलबी चारतो! सोताच्या हातानं तळून!"

तहसीलवाले काका ओट्यावरून म्हणाले, "तुम्ही तळणार? मग नाही निघाली तर बरं होईल."

"अवो, या उन्हात मानूस वाळून राह्यला, बुरशी कुठून जगंल?"

"म्हणून तर म्हणतो, धुळीचं आहे सगळं. मुलीला कोकणात पाठवा."

"वा रे वा! बुरशीच्या भेवानं बुरशीच्याच मुलखात पाठवा! तुमी तहसीलमधी असेच निकाल देत व्हते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू झाली. चाचा धुतलेली टोपी घालून आले. हातात बॅटरी, खांद्यावर ओलं फडकं, काखेत स्टूल. मागून काका, निकाल आपल्या डोळ्यांनी बघायला. मी आणि नवऱ्यानं कपाट ओढलं, पेट्या हलवल्या. चाचा भिंतीच्या एका टोकाला लागले आणि फुंकत फुंकत दुसऱ्या टोकाला गेले. सगळी धूळ. माळ्यावर चढले. रुई.

कोपऱ्यात खाली पांढरे फुगवटे दिसले. काका ओरडले, "ही बघा! ही बुरशी!"

चाचांनी फुंकर मारली. उडालं नाही. काका आणखी पुढं वाकले. चाचांनी फडक्यातून पाण्याचे दोन थेंब त्यावर पिळले. पांढरं विरघळून गेलं.

"खार हाय. भितीतून फुटते. बुरशी अशी पान्यात विरघळली असती, त कोकनात उरली असती काय?"

कपाटामागं तनूचं कधीचं हरवलेलं बिस्किट सापडलं. दगडासारखं झालेलं, पण स्वच्छ. चाचांनी ते काकांच्या नाकासमोर धरलं. "पाहा! इथं बिस्किटालेबी लागत नाई, भितीले कुठून लागंल?"

मग वाट पाहायची ठरली. आम्ही खोली खरवडून धुतली, चुन्याचा हात दिला. चाचा रोज सकाळी यायचे, फळीच्या खालून बोट फिरवायचे, मान हलवायचे आणि दमून तनूला मांडीवर घेऊन कूलरसमोर बसायचे. तनू खोकायची. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "वारा घे बेटा, गार वारा घे."

शेवटी एका दुपारी ते उंबऱ्यात बसले ते बसलेच. बॅटरी बाजूला ठेवली. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"बुरशी नाई पोरी. मंग धूळच असंल. अन् धूळ त पुऱ्या दिग्रसले हाय. मी माही खोली झाडू शकतो. पुरं दिग्रस कसं झाडू, तूच सांग."

नवऱ्यानं गाडीची चौकशी करून ठेवली होती. मी तनूचे फ्रॉक पिशवीत भरत होते. एक एक घडी घालताना मला रडू फुटलं. चाची येऊन माझ्या शेजारी बसली.

"मत रो. मायके जा रही, कोई जेल थोड़ी जा रही."

"माहेर मला इथंच मिळालं होतं, चाची," मी म्हटलं. खरं तर हे कुणाला सांगायचं नव्हतं, वेडेपणाच वाटेल म्हणून. "या कूलरपुढं बसलं ना, की मला आमच्या माळ्याचा वास येतो. अगदी आईच्या घरचा. डोळे मिटले की वाटतं पाऊस लागलाय. आता तिथं जाऊन मी काय करू?"

चाची माझे डोळे पुसत होती. चाचा उंबऱ्यात सावकाश वळले.

"कायचा वास?"

"माळ्याचा. श्रावणातला."

"तुह्या माहेरी श्रावनात माळ्यावर काय राह्यते व?"

"काय असणार? गोणपाटं, वाकळा, लाकडं." मी नाक ओढलं. "आणि सगळ्याला ब..."

शब्द तोंडातच राहिला. आम्ही दोघंही कूलरकडे बघायला लागलो. तो आपला खुळखुळ आवाज करत, प्रेमानं वारा घालत होता.

"पोरीले भाईर ने," चाचा चाचीला म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं, तोंडाला रुमाल बांधला आणि ताटी काढून अंगणात उन्हात नेली. टाके उसवले. काथ्याच्या आतला रुईचा तो थर, इतक्या मायेनं लावलेला, त्यावर राखाडी, हिरवी, मधे मधे काळी, गोल गोल चकत्यांची नक्षी उमटली होती. त्यांनी रुमाल खाली केला, गाल फुगवले आणि फूऽऽ!

हलली नाही.

"नाई उडाली!" चाचा केवढ्यानं ओरडले! "नाई उडाली! बुरशी हाय! खरी बुरशी हाय!" सत्तरी ओलांडलेला माणूस लुंगी सावरत अंगणात गोल फिरला. काका ओट्यावरून धावत आले, एक चप्पल घालून. मग चाचा एकदम थांबले. ताटीकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं.

"मीच भरली व. धूळ अडवाले रुई लावली... अन् बुरशीले गादी भरून देल्ली. वरतून पानी. वरतून गार वारा."

शेवटी चाचीच म्हणाली, "उमर भर में एक ही गद्दी मुफ़्त में भरी, वो भी किसके वास्ते!"

आधी काका हसले. मग मी. पिशवीतले फ्रॉक अजून माझ्या हातात होते आणि मला हसू आवरत नव्हतं. चाचा सगळ्यात शेवटी हसले, पण हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ताट्या गावाबाहेर नेऊन जाळल्या. कूलर घासूनपुसून उन्हात टाकला, आणि खोलीची दारं-खिडक्या उघडून आम्ही अंगणात खाटा टाकल्या. खोकला काही जादूनं गेला नाही. औषधं चालू होती, डॉक्टरीण बाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा गेलो. पण शिट्टी हळूहळू बारीक होत गेली, आणि एका सकाळी मी उठले तर लक्षात आलं, की रात्रभर आपण झोपलो होतो.

नवऱ्यानं गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. पिशवी मी रिकामी केली.

जिलबीचं मात्र चाचांनी ऐकलं नाही. गल्लीच्या तोंडाशी कढई मांडली. काका पहिली जिलबी हातात धरून उलटसुलट करत होते. "चाचा, ही जिलबी आहे की दिग्रस तालुक्याचा नकाशा?"

"खाऊन पाहा. नकाशा असंल त गोड लागनार नाई."

मी एका बाजूला उभी होते. सगळे हसत होते, मलाही आनंदच होता, पण आत कुठंतरी ओशाळल्यासारखं झालं होतं. एवढे दिवस ज्याला मी आईचं घर समजून छातीशी धरलं, ते हे होतं? चाचांच्या नजरेतून सुटलं नाही. कढईवरून उठून आले.

"माहेराचा वास असाच राह्यते पोरी. दुरून बरा लागते." मग कुडत्याच्या खिशातून कागदात बांधलेली वाळ्याची एक जुडी काढली. "बाजारातून नवीन ताट्या आनल्या. लाकडी भुशाच्या. एका बाजूची वाळ्याची सांगतली. हुंगून पाह्य. हा सासरचा वास. आता हा ध्यानात ठेव."

मी हुंगलं. आहे ध्यानात.

आम्ही आता पांढरकवड्याला असतो. नवऱ्याला तिकडं पक्कं काम मिळालं. उन्हाळा लागायच्या आधी चाचांचा फोन येतो. खुशाली नंतर. आधी, "ताट्या बदलल्या काय व?" मी नवीन घरात कुठंही गेले की आधी फळीच्या खालून बोट फिरवते. नवरा हसतो. हसू दे.

दिग्रस सोडलं त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सामान टेम्पोत चढलं होतं. चाचा खोली बघायला आले. एव्हाना ते थकले होते, काठी आली होती. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. वरच्या फळीवर पांढरं काहीतरी दिसलं. गाल फुगवले, पण फुंकर अर्ध्यातच संपली.

"माह्या फुकीत दम नाई राह्यला बाप्पा," ते म्हणाले. "तने, इकडे ये. तू मार."

तनू तेव्हा दुसरीत होती. स्टुलावर चढली. मी सवयीनं पुढं झाले, तिला धरायला, छातीवर हात ठेवायला. चाचांनी काठी आडवी करून मला थांबवलं.

तनूनं गाल फुगवले. डोळे मिटले. आणि फूऽऽऽऽ!

ती फुंकर संपेचना. फळीवरची सगळी रुई उठली, खोलीभर भरून राहिली, चाचांच्या टोपीवर, भुवयांवर, दाढीवर येऊन बसली.

"धूळ!" तनू ओरडली. मग नीट बघून, "नाही नाही, रुई! चाचा, रुई! बघा ना!"

पण चाचा बघतच नव्हते. काय उडालं न् काय राहिलं याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते डोळे मिटून, कान तिच्याकडे करून उभे होते.

"आयकलं काय व?" ते मला म्हणाले. दाढीवरची रुई त्यांनी झटकली नाही. "काय फूक हाय पोरीची!"